गाडी उंच केली त्याचं खरं कारण

दाजी,

तुमच्या तेरवीला मांडवात बसलेली माणसं माझ्या गाडीचं कौतुक करत होती. "बापूची जीप उंच होती म्हणून पांदणीतून निघाली, न्हाईतर दाजी शेतातच गेले असते," असं तुमचे चुलतभाऊ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते आणि दर वेळी माझ्या पाठीवर हात ठेवत होते. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, बहिणीच्या नवऱ्याचं दुःख आहे. दुःख होतंच. पण मान खाली होती ती वेगळ्या कारणानं. गाडी उंच केली त्याचं खरं कारण त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी बोलणारा माणूस नाही, हे तुम्ही सगळ्या लोह्याला सांगून ठेवलं होतं. "आमचे मेव्हणे तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आले, दाईनं चापट मारली तरी रडले न्हाईत." लोक हसायचे, मीही हसायचो. आतून मात्र चिडायचो, आणि ते कुणाला कळायचं नाही. आता कळू द्यायचं ठरवलंय.

तुम्ही बाजार समितीच्या नोकरीतून रिटायर झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात लोह्याच्या फाट्यावर उभे राहिलात. हातात कापडी पिशवी, पिशवीत आक्कानं बांधून दिलेला डबा आणि भाजलेल्या शेंगा. माझं काम शेतांत सोलरचे पंप बसवून द्यायचं. नांदेडहून निघायचं, लोहा, कंधार, कधी पार अहमदपूरपर्यंत. फाटा माझ्या वाटेवरच होता. तुम्ही "येऊ का" असं कधी विचारलं नाही आणि मी "या" असं कधी म्हणालो नाही. तुम्ही उभे असायचात, मी गाडी थांबवायचो. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आधी डावा हात वरच्या दांडीला, मग डावा पाय, मग एक "हं" करून तुम्ही आत. बसल्या बसल्या सुरू. "आज उशीर केलास बापू. रात्री जागला होतास का? डोळे बघ कसे झालेत. तिसरा टाक, तिसरा. इंजिन रडायलंय बघ."

आमच्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. वडिलांनी आक्काच्या लग्नात मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिच्या घरच्या माणसाला दारात थांबवायचं नाही, त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही आणि त्याला कधी 'नको' म्हणायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. इतकी वर्षं मी ते पाळलं. पाळताना कधी जड गेलं नाही, कारण तुम्ही दिवाळीला आणि लग्नकार्याला भेटायचात. रोज भेटायला लागलात तेव्हा जड जायला लागलं.

तुम्ही वाईट वागलात असं नाही. उलट आहे. मी कंपनीची नोकरी सोडून हे काम सुरू केलं तेव्हा मला पहिले शेतकरी तुम्हीच मिळवून दिलेत. बाजार समितीत तुमचा शब्द चालायचा. "आमच्या मेव्हण्याचा पंप हाय, बिनघोर बसवा," म्हणायचात, आणि लोक बसवायचे. पण मग शेतावर गेल्यावर शेतकरी मला काही विचारायचा आणि उत्तर तुम्ही द्यायचात. "विहिरीला पाणी किती फुटावर हाय? उन्हाळ्यात किती उतरतंय? पाईप जुनाच हाय का?" नाडी धरल्यासारखं. मी मागं उभा, हातात मीटर घेऊन, कामाला आणलेल्या माणसासारखा. परत गाडीत बसलं की त्या शेतकऱ्याच्या भावकीची सगळी कहाणी. गाडी चालवताना मला गप्प राहायला आवडतं. रस्ता, गिअर, कडेची झाडं, एवढंच डोक्यात असावं असं वाटतं. दिवसभरात तेवढीच जागा माझी होती आणि ती तुम्ही भरून टाकलीत. हे तुम्हाला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मला जमलं नाही.

पावसाळ्यात गाडीचं पोट टेकायला लागलं, हे खोटं नाही. काळ्या रानातली पांदण म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधला मातीचा वरंबा उंच राहिलेला. आपण दोनदा अडकलो, बैलांनी ओढून काढलं. तेव्हा लिफ्ट किटचा विषय निघाला. उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकॲब्सॉर्बर घालून गाडी वर उचलायची. मी म्हणालो, चार इंच उचलू. तुम्ही म्हणालात, दोन.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते आठवलं की अजून हसू येतं. महिनाभर मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ. कुठं केरळातला माणूस, कुठं हरियाणातला, भाषा कळो न कळो. मग एका रविवारी तुमच्या अंगणात टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप. आधी रिकाम्या गाडीचं, मग मागं पंपाचं लोखंड भरून पुन्हा. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "माप काय घ्यायलाव, ब्लाउज शिवायचंय का तिला?"

"तुला काय कळतंय? स्प्रिंग वजन बघून घ्यायची असती," तुम्ही गाडीखालून म्हणालात. "बापू, ऐक. ही गाडी रोजची हाय. लातूरला तुझ्या पोरीकडं जायला हीच, बायकोला दवाखान्यात न्यायला हीच, अन् पांदणीत घालायला बी हीच. दोन इंच उचलली तर बाकी काही छेडावं लागत न्हाई. चार केलं की शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे पाईप लांब लागतेत, वळणावर गाडी झुकती, समोरच्याच्या डोळ्यात लाईट जातो. आरटीओवाला इचारल ते येगळंच. अन् स्प्रिंग लई कडक घेऊ नको. भरली असली की कडक स्प्रिंग बरी. रिकामी असली की गाडी उडती."

तुमचं सगळं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. मी फक्त म्हणत राहिलो, "पोट टेकतंय दाजी." ते कारण खरं होतं, म्हणूनच मला इतकं उपयोगी पडलं. खोटं कारण असतं तर मी अडखळलो असतो.

आता जे सांगायचंय ते सांगतो. त्याच आठवड्यात कंधारकडच्या एका शेतात तुम्ही गाडीत चढत होतात. हात दांडीला, डावा पाय वर, आणि त्या दिवशी "हं" जरा लांबला. तोंडावर कळ दिसली. मी स्टिअरिंगवर बसून बघत होतो. आणि माझ्या मनात माप झालं. दोन इंच वाढले तर हे चढतील. चार वाढले तर चढणार नाहीत.

एवढंच झालं. मी तो विचार झटकला नाही आणि त्याच्याकडं वळून बघितलंही नाही. तो तिथंच बसून राहिला आणि त्यानंतर मी चार इंचांवरून हललो नाही.

लातूरला उस्मानभाईच्या गॅरेजला आपण दोघं गेलो. माझी पोरगी तिथं शिकायला होती, तिच्या क्लासची मीटिंग उरकून. तुम्ही गाडीच्या पलीकडं टायरांच्या ढिगावर चहाचा ग्लास घेऊन बसलात. उस्मानभाईनं चाकाला लाथ मारून बघितली आणि जो प्रश्न कुठलाही शहाणा गॅरेजवाला आधी विचारतो तो विचारला.

"रोज कित्ते लोगां बैठते इस में?"

मी म्हणालो, "अकेलाइच रहता मैं. पीछे सामान."

चहाचा ग्लास तोंडापाशी नेताना तुमचा हात मधेच थांबला की मला तसं वाटलं, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारत आलो. मधे गाडी होती. काचेतून तुमचा अर्धा चेहरा दिसत होता. महिनाभर दोन इंचांसाठी भांडलेले तुम्ही ग्लास खाली ठेवून म्हणालात, "चारइच डालो उस्मानभाई. अकेला आदमी है, उसको क्या."

मी सुटलो असं वाटलं मला. तुम्हाला पटलं असं मी स्वतःला सांगितलं. उस्मानभाईनं बाजूला पायदान लावायचं का म्हणून विचारलं, चढायला सोपं जाईल म्हणाला. मी म्हणालो, नंतर बघू.

गाडी तिथंच सोडून आपण एसटीनं परत आलो. तुम्ही खिडकीला बसलात आणि वाटभर बोलत होतात. अहमदपूरच्या हळदीचा भाव, एसटीच्या ड्रायव्हरची मान, तुमच्या मुलाच्या, सचिनच्या, पुण्यातल्या घराला लिफ्ट नाही ते. गाडीबद्दल एक शब्द नाही. महिनाभर त्याच विषयावर जगलेला माणूस, आणि एक शब्द नाही. मी ते तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

गाडी आली. पहिल्या सकाळी फाट्यावर तुम्ही उभे होतात. दार उघडलं तर सीट तुमच्या छातीशी. तुम्ही हसलात. "उंटच आणलास की रे." हात दांडीला नेलात, पाय उचललात, तो टेकला नाही. पुन्हा उचललात. मी खाली उतरून तुम्हाला हात देऊ शकत होतो. दाजी, मी मोबाइल बघत होतो. त्यात काही नव्हतं. स्क्रीन बंद होता.

"जा तू," तुम्ही म्हणालात. "मला आज तहसीलला काम हाय, इसरलोच."

शेंगांची पुडी तेवढी खिडकीतून आत दिलीत. दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर कुणी नव्हतं.

आणि मला बरं वाटलं. खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? मला फार बरं वाटलं. महिनाभर मी काच खाली करून, गप्प, वाऱ्यात गाडी चालवत होतो. शेतकरी मला विचारायचे आणि मी उत्तर द्यायचो. "दाजी न्हाई आले?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "त्यांना कामं असतात."

तुम्ही तरीही फोन करून माणसं पाठवत राहिलात. "उमरीकडचा एकजण इचारायलाय, नंबर दिलाय तुझा." मी "बरं दाजी" म्हणायचो. एकदा जरा थांबून तुम्ही विचारलंत, "गाडी कशी पळायलीय?"

"छान."

"रिकामी असली की उडती का?"

"नाही."

उडत होती. स्प्रिंगाही मी कडकच घेतल्या होत्या, माझी कंबर धरली होती. दोन इंच म्हणणारा माणूस बरोबर निघाला, एवढंही मी तुम्हाला मिळू दिलं नाही.

मग त्या दिवशी आक्काचा फोन आला. तुम्ही शेतात, छातीत दुखतंय, घाम सुटलाय, पांदणीत गुडघाभर चिखल आणि अॅम्ब्युलन्स डांबरीवरच थांबलीय. मी सोनखेडजवळ होतो. गाडी रिकामी होती. पांदणीत शिरलो तेव्हा वरंबा खालून निघून गेला, पोट कुठं टेकलं नाही. लोक म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे.

शेजारचा गडी आणि मी, आम्ही तुम्हाला उचललं. खरं म्हणजे मीच उचललं, त्यानं दार धरलं. मी तुम्हाला कधी मिठी मारली नव्हती. दिवाळीला पाया पडायचो, तेवढाच स्पर्श. तुम्ही इतके हलके असाल असं वाटलं नव्हतं. चार इंच जास्त उचलावं लागलं आणि मला ते चारही इंच हातांत कळले.

निघालो. कडक स्प्रिंगा, रिकामी गाडी. प्रत्येक खड्ड्याला गाडी उडत होती आणि प्रत्येक उडीला तुम्ही छाती दाबून धरत होतात. मी हळू घेतली तर उशीर आणि जोरात घेतली तर हे असं. डांबरीच्या अलीकडच्या खड्ड्यात गाडी अशी आदळली की तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तुम्ही डोळे उघडलेत. ओठाच्या कोपऱ्यात ते तुमचं चिडवायचं हसू.

"म्हणलो नव्हतो... रिकामी उडती म्हणून?"

मी म्हणालो, "बोलू नका दाजी."

मी तुमच्या जिवासाठी म्हणालो. डॉक्टर म्हणाला असता तेच म्हणालो. पण तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मान हलवलीत आणि गप्प बसलात. अॅम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हाही गप्प, नांदेडला दवाखान्यात नळ्या लावल्या तेव्हाही गप्प. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आपल्या दोघांतलं शेवटचं वाक्य माझं आहे, आणि ते तुम्हाला इतके दिवस जे सांगायचं होतं तेच आहे.

तेरवी झाल्यावर रीतीप्रमाणं भावानं बहिणीला माहेरी न्यायचं. मी आक्काला न्यायला आलो. तिलाही चढता येईना. सुनेनं खुर्ची आणून ठेवली, मी खालून आधार दिला, ती कशीबशी बसली. सोनखेडच्या पुढं गेल्यावर मी सगळं सांगितलं. स्टिअरिंगकडं बघत, गॅरेजमधल्या वाक्यापासून मोबाइलच्या बंद स्क्रीनपर्यंत. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

आक्का पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "आईकलं होतं त्यांनी. लातूरहून आले त्याच दिशी सांगितलं मला."

मला गाडी सरळ ठेवता येईना. "काय म्हणाले?"

"हसले आधी. म्हणले, बापू बघ आपला. तोंडानं 'येऊ नका' म्हणता येईना, म्हणून गाडी उचलायलाय. मग दोन दिस नीट जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी म्हणले, चूक माझी बी हाय, रोजच जाऊन बसायलो. रोज रोज माणसाला माणूस नको असतंय. मी म्हणलं, मला बी रोज नको असताव तुम्ही, मग मी कुठं जाऊ उंच व्हाया?"

ती हे सांगताना हसली आणि तिचं हसू मधेच तुटलं.

"त्यांनी राग सोडला, बापू. मी न्हाई सोडला. सकाळच्याला उठून आंघोळ करायचे, कपडे घालायचे, अन् ओट्यावर बसायचे. तुझी गाडी फाट्यावरून गेली की आवाज वळखायचे. 'गेला,' म्हणायचे. मग घरात यायचे. हे मी बघितलंय. तू न्हाई बघितलंस."

मी ऐकत राहिलो. ऐकायचंच होतं मला ते. तुम्ही माफ केलंत हे कळून मला जितकं जड झालं, तितकं तिच्या रागानं झालं नाही. तिचा राग मला धरता येत होता.

नांदेड दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "उद्या लातूरला पोरीकडं जाणार न्हवं तू?"

"हो."

"मी येऊ का?" आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "थांब. लगीच हाव म्हणू नको. काय वाटतंय ते तोंडानं सांग."

दाजी, पुढं एक ट्रक होता, त्याच्या मागून चालवत राहिलो. मनात 'ये' होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरंही होतं, आणि ते दुसरं मी आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "जाताना ये, आक्का. येताना मला एकट्याला यायचंय."

"अन् मी?"

"पोरीजवळ रहा आठ दिवस. मेसचं खाऊन वैतागलीय ती. मी न्यायला येतो मग."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही, दुखावली नाही. मान हलवून म्हणाली, "हाव. एवढंच म्हणायचं असतंय की रे."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गाडी मला कडेला घ्यावी लागली.